परक्या तुरुंगात आपला माणूस

२५ डिसेंबर २०१७ रोजी, हेरगिरीच्या आरोपावरून पाकिस्तानात फाशी सुनावलेल्या कुलभूषण जाधव यांची आई आणि पत्नी त्यांना भेटायला इस्लामाबादेत पाकिस्तानच्या परराष्ट्र खात्यात गेल्या. दुसऱ्या दिवशी भारताच्या परराष्ट्र खात्याने जे सांगितलं, ते वाचताना आजही संताप येतो. दोघींना मंगळसूत्र, बांगड्या, टिकली उतरवायला लावली, कपडेही बदलायला लावले. पत्नीचे बूट परत दिलेच नाहीत. मध्ये काच होती. आई मराठीत बोलू लागली की तिला अडवलं जाई. सांगलीत जन्मलेल्या मुलाशी आईने मराठीत बोलायचं नाही! सोबत गेलेल्या भारतीय उपउच्चायुक्तांना आणखी एका आडोशामागे बसवलं होतं.

ही भेट पाकिस्तानने माणुसकीच्या नात्याने दिली, असं म्हटलं गेलं. जाधवांचा खरा हक्क मात्र त्या आडोशामागेच अडकला होता.

१९६३च्या व्हिएन्ना करारातलं ३६वं कलम असं की, परदेशी नागरिकाला अटक झाली की त्याच्या देशाच्या वकिलातीला कळवता येतं, हे त्याला विनाविलंब सांगायचं. त्याने मागणी केली की वकिलातीला कळवायचं. मग तिथला अधिकारी कैद्याला भेटू शकतो, त्याला वकील मिळवून देऊ शकतो. फाशीच्या खटल्यात याचं मोल मोठं. आरोपीला कोर्टाची भाषा येत नाही, सरकारने दिलेला वकील नवखा. अशा वेळी मायदेशातून शाळेचे दाखले, दवाखान्याचे कागद, शेजाऱ्यांच्या साक्षी आणणार कोण? फाशी की जन्मठेप, हे ठरताना नेमक्या याच गोष्टी न्यायाधीशांपुढे यायला हव्यात.

अमेरिकेत हे कलम वर्षानुवर्षं धाब्यावर बसवलं गेलं. १९८२ साली ॲरिझोनात पकडलेल्या लाग्रांड या जर्मन भावांना आपल्या हक्काविषयी कळलं ते थेट १९९२मध्ये, तेही इतर कैद्यांकडून. तोवर मृत्युदंड ठोठावून झाला होता. ३ मार्च १९९९ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने स्थगितीचा आदेश दिला, आणि त्याच दिवशी थोरल्या वॉल्टरला गॅस चेंबरमध्ये मारण्यात आलं. असे आदेश बंधनकारक असतात आणि हा हक्क त्या कैद्याचाही आहे, हे न्यायालयाने २००१मध्ये स्पष्ट केलं. २००४मध्ये ५१ मेक्सिकन कैद्यांच्या प्रकरणांचा फेरविचार करा, असंही सांगितलं. टेक्ससने ऐकलं नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही टेक्ससच्याच बाजूने कौल दिला, आणि ऑगस्ट २००८मध्ये त्या ५१ जणांपैकी होजे मेदेयिनला विषारी इंजेक्शन देण्यात आलं. त्याचा गुन्हा भयंकर होता. ह्यूस्टनमध्ये दोन मुलींवर अत्याचार करून त्यांचा खून. पण आरोप किती गंभीर आहे हे पाहून हा हक्क द्यायचा की नाही ते ठरवायचं नसतं.

जाधवांसाठी भारत हेगच्या न्यायालयात गेला, तेव्हा पाकिस्तानचा युक्तिवाद नेमका तिथेच फसला. हेरगिरीचा आरोप असेल तर ३६वं कलम लागत नाही, शिवाय अशा भेटींविषयी २००८चा भारत-पाक करार आहेच, असं त्यांचं म्हणणं. भारताची बाजू हरीश साळवे यांनी एक रुपया मानधनावर मांडली. १७ जुलै २०१९ रोजी न्यायालयाने १५ विरुद्ध एक मतांनी हे दोन्ही मुद्दे फेटाळले. शिक्षा रद्द करून जाधवांना सोडा, ही भारताची मागणी मात्र मान्य झाली नाही. मिळाला तो फेरविचाराचा आदेश.

भारतीय अधिकारी जाधवांना पहिल्यांदा भेटला तो २ सप्टेंबर २०१९ रोजी. पाकिस्तानच्या सांगण्यानुसार अटक मार्च २०१६ची. लष्करी न्यायालयाने फाशी सुनावल्याचं एप्रिल २०१७मध्ये जाहीर झालं. म्हणजे वकिलात पोचली ती सगळा खटला आटोपल्यावर. खटल्याआधीच्या चार दिवसांत जे करता आलं असतं, ते नंतरच्या फेरविचारात कितपत भरून निघेल, याची मला खरोखर शंका आहे.

भारतही व्हिएन्ना करारात आहे. हेगमध्ये आपण जे मागितलं ते आपल्या ठाणे अंमलदारालाही तितकंच लागू आहे. मुंबई विमानतळावर किंवा कळंगुटमध्ये परदेशी माणूस पकडला गेला, तर कोठडीत टाकतानाच, त्याला समजेल अशा भाषेत, हा हक्क त्याला सांगायला हवा.