दात पांढरे करून घेताय? आधी नोंदणी क्रमांक विचारा

लग्नसराई जवळ आली की पार्लरच्या ब्रायडल पॅकेजमध्ये फेशियल आणि हेअर स्पाच्या जोडीला हल्ली ‘टीथ व्हाइटनिंग’ही दिसतं. दातांवर चमकता खडा बसवून देणारे, घरी येऊन दात पॉलिश करणारे इन्स्टाग्रामवरही सापडतात. पैसे कमी, वेळ कमी. मग हरकत काय?

पहिली हरकत कायद्याची आहे. भारताचा दंतवैद्यक कायदा १९४८ सालचा. त्याच्या कलम ४९ नुसार, काही मोजके अपवाद सोडले, तर नोंदणी नसलेल्या माणसाला दातांवर उपचार करता येत नाहीत. या कलमात दातांवरचा थर खरवडणं, दात साफ करणं आणि पॉलिश करणं ही कामं नाव घेऊन लिहिली आहेत. म्हणजे ‘आम्ही फक्त दात चमकवतो’ ही सबब चालत नाही.

कोण काय करू शकतं?

डेंटिस्ट : बीडीएस किंवा एमडीएस झालेले आणि राज्याच्या डेंटल कौन्सिलकडे नोंदणी असलेले. व्हिनियर, कॅप, फिलिंग ही त्यांचीच कामं.

डेंटल हायजिनिस्ट : दातांची सफाई आणि पॉलिश करतात, दातांची निगा कशी राखायची ते शिकवतात. यांचीही नोंदणी लागते.

डेंटल मेकॅनिक : कवळी आणि इतर साधनं बनवतात, दुरुस्त करतात. ती तोंडात बसवणं हे डेंटिस्टचं काम.

‘व्हाइटनिंग’ हा शब्द १९४८ च्या कायद्यात नाही. म्हणूनच ‘हा उपचार नाही, सौंदर्यसेवा आहे’ असं सांगितलं जातं. हा वाद ब्रिटनमध्येही झाला होता. २०१३ मध्ये तिथल्या हायकोर्टाने दात पांढरे करणं ही दंतचिकित्साच आहे, असा निकाल दिला. युरोपीय संघात ०.१ टक्क्याहून जास्त आणि ६ टक्क्यांपर्यंत हायड्रोजन पेरॉक्साइड असलेली व्हाइटनिंग उत्पादनं फक्त डेंटिस्टनाच विकली जातात आणि १८ वर्षांखालच्या मुलांसाठी ती वापरता येत नाहीत.

एवढी कडक शिस्त कशासाठी? दाताचं इनॅमल एकदा झिजलं की परत येत नाही. तीव्र पेरॉक्साइड हिरड्यांना लागलं तर त्या भाजतात. कीड किंवा चिरलेला दात आधी तपासला नाही, तर औषध आत झिरपून कळा येतात. अवजारं नीट निर्जंतुक केलेली नसतील तर हिपॅटायटिस बी आणि सी पसरू शकतो. शिवाय कॅप आणि फिलिंगचा रंग व्हाइटनिंगने बदलत नाही, हेही डेंटिस्ट आधीच सांगतात.

कायद्याची खरी दुबळी बाजू म्हणजे शिक्षा. १९४८ च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड जास्तीत जास्त ५०० रुपये! पुन्हा सापडल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. या कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोग कायदा मंजूर केला. नोंदणीशिवाय दंतचिकित्सा नाही, हे तत्त्व त्यातही कायम आहे. पण नुसत्या कायद्याच्या भीतीने कोणी दुकान बंद करत नाही, म्हणून राखण आपली आपणच करायची.

खुर्चीत बसण्याआधी हे करा :

• नाव आणि नोंदणी क्रमांक विचारा. खऱ्या डेंटिस्टला या प्रश्नाचा राग येत नाही.
• आधी तपासणी, मगच व्हाइटनिंग. तपासणी न करताच जेल लावायला घेतलं तर उठून या.
• जेलमध्ये काय आहे आणि किती टक्के, ते विचारा.
• पक्की पावती घ्या.
• लग्नाच्या आदल्या दिवशी प्रयोग नको. व्हाइटनिंगनंतर काही दिवस दात सळसळू शकतात.

कुम्हारीत राहत असाल तर एका बाजूला रायपूर, दुसऱ्या बाजूला भिलाई. रायपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात तपासून घेता येतं. शंकास्पद काही दिसलं तर राज्याच्या डेंटल कौन्सिलकडे किंवा दुर्गच्या सीएमएचओ कार्यालयात लेखी तक्रार द्या.

फेशियल बिघडलं तर आठवड्याभरात चेहरा सावरतो. इनॅमलला दुसरी संधी नसते. घरात लग्न असेल, तर हा लेख नवरा-नवरी दोघांनाही पाठवा!