आपला नंबर येईपर्यंत

"बाई, आमचा मुलगा घरी मुळीच ऐकत नाही, शाळेत मात्र शहाण्यासारखा वागतो. असे कसे?" पालकसभेत हा प्रश्न हमखास येतो. दुसरा प्रश्न असा की, घरी शिकवणी आहे, संगणक आहे; मग रोज शाळेत यायलाच हवे का? मला वाटते, दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे.

ते शोधायला इंदूरबाहेर जायला नको. तात्या सरवटे यांच्या कन्या पद्मश्री शालिनीताई मोघे यांनी १९४७ मध्ये येथे बालनिकेतन संघ सुरू केला आणि माँटेसरी पद्धतीचे बालशिक्षण आपल्या शहरात रुजवले. या पद्धतीच्या जनक मारिया माँटेसरी मूळच्या डॉक्टर. १९०७ मध्ये रोममधील एका गरीब वस्तीत त्यांनी पहिले बालगृह उघडले. १९३९ मध्ये त्या भारतात आल्या आणि महायुद्धामुळे १९४६ पर्यंत येथेच राहिल्या.

त्यांच्या साधनांत 'गुलाबी मनोरा' आहे. दहा लाकडी ठोकळे. सर्वांत मोठा दहा सेंटिमीटरचा, सर्वांत लहान एक सेंटिमीटरचा. क्रम चुकला तर मनोऱ्याकडे पाहूनच मुलाला चूक कळते. बाईंनी रागवावे लागत नाही. महत्त्वाची गोष्ट म्हणजे, वर्गात मुले कितीही असोत, मनोरा एकच ठेवतात. ही काटकसर नव्हे. एकाचे काम संपून साधन जागेवर जाईपर्यंत दुसऱ्याने थांबायचे, हाच तो धडा.

मी बालवर्गाला नवीन असताना मला हे कळले नव्हते. एक मुलगा रोज दुसऱ्यांच्या हातातून ठोकळे हिसकावी. मी त्याला कोपऱ्यात उभे करी. कोपऱ्यातून सुटला की पुन्हा तेच! एका ज्येष्ठ बाईंनी विचारले, "तो थांबायला कधी शिकला आहे का?" घरी तो एकटाच, मागितले की हातात मिळे. दुसऱ्या दिवशी मी त्याच्याजवळ बसले आणि म्हणाले, "तिचे होऊ दे, मग तुझा नंबर." पहिल्या दिवशी तो रडला. आठवड्याभरात आपली चटई अंथरून वाट पाहू लागला. हट्टी मूल वाईट नव्हते. त्याला शिक्षा मिळाली होती, शिक्षण मिळाले नव्हते.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मारण्यास आणि मानसिक छळास मनाई केली आहे. पण छडी ठेवून दिली म्हणजे शिस्त आली असे नाही, आणि भीतीने गप्प बसलेला वर्ग म्हणजेही शिस्त नव्हे.

पाढे घरी पाठ होतील. पण आपण न निवडलेल्या वीस-पंचवीस मुलांत रोज थांबणे, वाटून घेणे, हरणे, पुन्हा खेळणे हे शिकवणीत कसे मिळणार? शाळेची खरी किंमत येथे आहे.

पालकांनी घरीही मुलाला थोडे थांबू द्यावे. प्रेम कमी होत नाही. विश्वस्तांना विनंती, की साधने कपाटात कुलुपात न राहता मुलांच्या हाताला येतील अशा बुटक्या फळ्यांवर असावीत. आणि बालमित्रांनो, आज घरी गेल्यावर किती गुण मिळाले याबरोबरच, आज कोणासाठी थांबलात, तेही आईला सांगा.