जुनी सेडान घ्यावी की जुनी पिकअप?

हंगाम संपला की महाड-पोलादपूरकडे हा प्रश्न हमखास येतो. हाताशी असलेल्या पैशात बरी दिसणारी वापरलेली सेडान मिळते, नाहीतर तिच्याहून चार-पाच वर्षे जुनी पिकअप.

आधी वजनाचा हिशेब करा. सुधारित भाताला हेक्टरी 100:50:50 किलो नत्र, स्फुरद, पालाश द्यायचे, तर युरिया सुमारे 217 किलो, सिंगल सुपर फॉस्फेट 312 किलो आणि म्युरेट ऑफ पोटॅश 83 किलो लागते. म्हणजे सहाशे किलोंच्या वर. नुसता युरियाच 45 किलोच्या पाच गोणी. सेडानच्या डिकीत तीन गोणी टाकल्या की गाडी मागून बसते आणि वाडीच्या रस्त्याला खालून घासते. पिकअप हे सगळे एका खेपेत आणते. पेंढा आणि आंब्याचे क्रेट तर डिकीचे कामच नाही.

पण असे दिवस वर्षात किती? एक-दोन एकर भात आणि त्यामागून वाल घेणाऱ्याला बोटांवर मोजण्याइतके. त्याने तेवढ्यापुरती पिकअप भाड्याने आणावी. आजारी माणसाला पावसात महाडला न्यायला सेडानच बरी. आंबा, काजू किंवा भाजी नियमित बाजारात नेत असाल, तर मात्र पिकअप घ्या.

पिकअपची किंमत दिसते तेवढीच धरू नका. मालवाहू गाडी आठ वर्षांची झाली की दरवर्षी फिटनेस करावे लागते, पर्यावरण करही लागतो. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षे चालते.

जुलै 2021 च्या पुरात महाड शहर पाण्याखाली गेले होते. त्याआधीची गाडी असेल तर सीटचे पट्टे शेवटपर्यंत ओढून पाहा, गाळाची रेघ तिथे राहते. पायाखालचा गालिचा उचला, सीटखालच्या पट्ट्यांवरचा गंज बघा. सेडानमध्ये विजेच्या जोडण्या जास्त, त्यामुळे पाणी शिरलेली सेडान स्वस्तातही नको. पिकअपची चासी पाटे बसवलेल्या जागी हातोडीने वाजवून पाहा. ब्रेकची परीक्षा सपाटीवर नको, माल भरून आंबेनळी घाटाच्या उतारावर घ्या. आरसी बुकावर कर्जाचा बोजा नसल्याची खात्री झाल्याशिवाय विसार देऊ नका.

आणि लावणीला मजूर पिकअपच्या हौद्यात बसवून नेऊ नका. अपघात झाला तर मालवाहू गाडीच्या विम्यात ते धरले जात नाहीत.