शर्यतीची पहिली मोटार

महाभारतांतील नलोपाख्यान आपणां सर्वांस ठाऊक आहे. अयोध्येचा राजा ऋतुपर्ण यास एका दिवसांत आपल्या या विदर्भांत येऊन पोंचावयाचें होतें, आणि बाहुक या नांवानें त्याच्या पदरीं राहिलेल्या नळानें त्या कामासाठीं अश्वशाळेंतून दिसावयास कृश असेच घोडे निवडले. राजास राग आला. असलीं रोडकीं जनावरें एवढी मजल कशीं मारणार, असें त्यानें विचारलें. परंतु नळास अश्वविद्या येत होती, आणि रथ वेळेवर कुंडिनपुरास आला. मोटारींच्या हौशी शर्यतींत उतरूं इच्छिणारा तरुण व त्याचे वडील पहिली गाडी पाहावयास निघतात तेव्हां बहुधा ऋतुपर्णाच्याच दृष्टीनें हिंडतात. झळाळी, रुंद टायर आणि मोठें एंजिन एवढेंच त्यांस दिसतें.

हा विषय कुटुंबांतल्या मंडळींपुढें कशाला, असें कोणी म्हणेल. पण आमच्या इतवारीसारख्या जुन्या वस्तींत, जेथें दोन हातगाड्या समोरासमोर आल्या म्हणजे सारी गल्ली अडते, तेथल्या घरांतही ही हौस शिरली आहे. नुसतें ‘नको’ म्हटल्यानें ती जात नाहीं. ती रात्रीं रिंग रोडवर जाते. तेव्हां योग्य जागीं, योग्य गाडीनें व घरांतल्यांच्या संमतीनें ती पुरी होणें कसें शक्य आहे, याचा विचार वडिलांनींच करणें बरें.

गाडी हलकी, साधी व जिचे सुटे भाग सहज मिळतात अशी असावी. १९८३ सालीं निघालेली व २०१४ च्या आरंभीं बंद झालेली मारुती ८०० हिचें एंजिन अवघें ७९६ सीसीचें, पण वजनही साडेसहाशें किलोच्या आसपास. हिला हंसूं नये. कोइंबतूरचे एस. करिवर्धन यांनीं हेंच एंजिन घेऊन ‘फॉर्म्युला मारुती’ ही एकासनी शर्यतीची गाडी सिद्ध केली, ती याच कारणासाठीं कीं मध्यम ऐपतीच्या मुलांस शर्यत परवडावी. नारायण कार्तिकेयन यानें त्याच गाडीनें आरंभ केला, व २००५ सालीं तो फॉर्म्युला वनमध्यें उतरणारा पहिला भारतीय झाला. १९९४ सालीं आलेली एस्टीम थोडी अधिक जोरदार; तिचें १२९८ सीसीचें एंजिन पुढें जिप्सीसही बसविलें गेल्यामुळें त्याचे जाणकार मिस्त्री अजून भेटतात. माझी पसंती हिलाच. मात्र विसार देण्यापूर्वीं ती गाडी चालू वर्षाच्या नियमांप्रमाणें कोणत्या वर्गांत बसते, हें फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया या संस्थेच्या नियमांत पाहून घ्यावें. शर्यतीचा परवानाही तीच देते.

खरा खर्च पुढेंच आहे. वेग दुप्पट झाला कीं गतिज ऊर्जा चौपट होते, हें शाळेंत फळ्यावर लिहून देतांना त्याचें भय वाटत नाहीं. पण ताशीं ६० किलोमीटरवरून थांबतांना ब्रेकमध्यें जितकी उष्णता उत्पन्न होते, तिच्या चौपट १२० वरून थांबतांना होते, आणि शर्यतींत प्रत्येक फेरींत हें अनेक वेळां घडतें. ब्रेकचें तेल हवेंतील ओलावा शोषून घेतें. डॉट ४ जातीचें ताजें तेल २३० अंशांपर्यंत उकळत नाहीं. जुनें झालें कीं तो बिंदु पुष्कळ खालीं येतो. उकळलेल्या तेलाची वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि पेडल तळास टेकतें तरी गाडी थांबत नाहीं! म्हणून एंजिनाची शक्ति वाढविण्यापूर्वीं तेल, पॅड व टायर यांवर पैसा घालावा. चालकाभोंवतीं पोलादी नळ्यांचा पिंजरा, सहा टोंकांचा पट्टा, अग्निरोधक पोशाख व मोटारशर्यतीसाठींच प्रमाणित केलेलें हेल्मेट यांत काटकसर करूं देऊं नये. दुचाकीचें हेल्मेट चालेल, असें सांगणाऱ्या मित्रास चहा पाजून परत पाठवावें.

गाडीच्या साध्या विम्यांत शर्यत धरलेली नसते. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणें हा तर मोटार वाहन कायद्याच्या १८९ व्या कलमाखालीं गुन्हाच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या खेपेसच तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पांच हजारांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, होऊं शकतात.

आतां जागेचें. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टै येथें ३.७ किलोमीटरचा ट्रॅक आहे, कोइंबतूरचा करी स्पीडवे त्याहून लहान आहे. नागपुराहून चेन्नईच सुमारें अकराशें किलोमीटर. शर्यतीसाठीं बदललेली गाडी रस्त्यानें हांकीत नेतां येत नाहीं, ती ट्रकवर घालावी लागते. म्हणून माझें मत असें कीं पहिल्या वर्षीं गाडी घेऊंच नये. एलजीबी फॉर्म्युला ४ सारख्या वर्गांत संघांकडून गाडी भाड्यानें मिळते. त्याहूनही आधीं कार्टिंग करावें. कोल्हापुरास मोहिते यांच्या ट्रॅकवर राष्ट्रीय स्पर्धेच्या फेऱ्या झालेल्या आहेत.

वर्षभरानें हौस टिकली व घरांतल्या जमाखर्चास पेललें, तर जुनी एस्टीम पाहावयास जातांना सोबत मिस्त्री न्यावा. गाडी उचलून तळाचा पत्रा गंजला आहे कीं काय, हें प्रथम पाहावें, कारण पिंजऱ्याच्या नळ्या त्यासच जोडावयाच्या असतात. रंग उडालेला असला तर हरकत नाहीं. त्याबद्दल चार पैसे कमी करून घ्यावे.