पिकअप धूर फेकतेय, ऑइल खातेय? इंजिन खोलण्याआधी हे समजून घ्या

नागपूर : काटोल-नरखेडची संत्री असो, भिवापूर-उमरेडची मिरची असो की सावनेर-कळमेश्वरचा भाजीपाला, कळमना मार्केटपर्यंतचा बहुतेक माल आज पिकअपवरच जातो. गावागावात दहा-बारा वर्षं जुन्या गाड्या आहेत. हप्ते कधीच फिटलेत, गाडी घरची झाली आहे. पण इंजिन थकलं की मालकासमोर एकच प्रश्न उभा राहतो. इंजिनचं काम काढायचं, की गाडी विकून पुन्हा हप्त्यात पडायचं?

हा निर्णय घाईत घेतला तर दोन्हीकडून नुकसान होतं. नुसतं फिल्टर बदलून भागलं असतं तिथे पूर्ण इंजिन खोललं जातं. किंवा साध्या दुखण्याकडे दुर्लक्ष केलं जातं आणि ऐन हंगामात माल भरलेली गाडी रस्त्यात जाम होते.

धुराचा रंग काय सांगतो?

डिझेल इंजिनला पेट्रोलसारखा स्पार्क प्लग नसतो. पिस्टन हवा इतकी दाबतो की ती ५०० अंशांच्या वर तापते. त्या तापलेल्या हवेत नोझलमधून डिझेलचा फवारा पडला की ते आपोआप पेट घेतं. म्हणजे हा सगळा खेळ दाबाचा, म्हणजेच कॉम्प्रेशनचा आहे. रिंगा, लायनर किंवा व्हॉल्व घासले की दाब गळतो. मग गाडी सकाळी लवकर स्टार्ट होत नाही आणि चढावर ओढत नाही.

काळा धूर : डिझेल जास्त किंवा हवा कमी. आधी एअर फिल्टर पाहा, मग टर्बोचे पाइप, मग नोझल. नुसत्या काळ्या धुरासाठी इंजिन खोलायची गरज सहसा पडत नाही.

निळा धूर : ऑइल जळतंय. रिंगा गेल्या असतील, पण व्हॉल्व सील किंवा टर्बोचं सील गेलं तरी असाच धूर येतो. म्हणून "निळा धूर म्हणजे इंजिन गेलं" असं लगेच समजू नये.

पांढरा धूर : थंडीत सकाळी थोडा वेळ आला तर चिंता नाही. इंजिन गरम झाल्यावरही येत असेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केट किंवा हेडवर संशय घ्यावा. ऑइल दुधासारखं पांढरट झालं असेल तर त्यात पाणी शिरलं आहे. अशी गाडी पुढे चालवू नये.

गरम इंजिनवर ऑइलचा लाल दिवा लुकलुकत असेल किंवा खालून 'ठक-ठक' आवाज येत असेल तर तो बेअरिंगचा इशारा असू शकतो. इथे "एवढी एक खेप मारून येऊ" म्हटलं की क्रँकच जातो आणि खर्च कितीतरी वाढतो.

खोलण्याआधी मोजून घ्या

मिस्त्रीचा अनुभव मोठा असतोच, पण गेज लावून केलेलं मोजमाप त्याहून पक्कं. प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून आकडे कागदावर लिहून घ्यावेत. एकाच सिलिंडरमध्ये कमी निघालं तर त्याचाच व्हॉल्व किंवा रिंग पाहावी. शेजारच्या दोन सिलिंडरमध्ये एकदम कमी निघालं तर बहुधा मधलं गॅस्केट उडालेलं असतं. सगळ्यांतच कमी असेल आणि ऑइल टाकायचं झाकण उघडल्यावर धूर जोरात बाहेर येत असेल, तर रिंगा-लायनरचं काम निघालं असं समजावं.

काम नेमकं काय असतं?

हेडच्या कामात व्हॉल्व बसवणं, गाइड-सील बदलणं, हेड वाकलं असेल तर फेसिंग आणि नवीन गॅस्केट येतं. खालच्या कामात पिस्टन, रिंगा, लायनर किंवा बोअर, क्रँक आणि बेअरिंग येतात. दोन्ही मिळून फुल इंजिन.

यातलं अर्धं काम मिस्त्रीच्या हातात असतं आणि अर्धं लेथवर्कशॉपमध्ये. पैसे पाण्यात जातात ते बहुतेक लेथवरच्या चुकीमुळे. तिथे तीन गोष्टी विचाराव्यात.

१. क्रँक मायक्रोमीटरने मोजला का? क्रँक घासला तर ०.२५, ०.५० मिलिमीटर अशा ठरलेल्या मापातच घासतात आणि बेअरिंगही त्याच मापाचं लागतं. माप चुकलं तर इंजिन थोड्याच दिवसांत पुन्हा आवाज करतं.

२. बोअर झाल्यावर होनिंग केलं का? सिलिंडरच्या आत तिरप्या बारीक रेघा दिसायला हव्यात. त्या रेघांत ऑइल टिकतं आणि रिंगा नीट बसतात.

३. ब्लॉक आणि क्रँकची ऑइलची भोकं धुऊन साफ केली का? आत राहिलेला लोखंडाचा कीस नवीन बेअरिंग खाऊन टाकतो.

हेडचे बोल्ट अंदाजाने नाही, टॉर्क पान्यानेच आणि ठरलेल्या क्रमाने आवळावे लागतात. इंजिन खोललंच आहे तर ऑइल पंप, वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट तपासूनच पुढे जावं.

एक फरक लक्षात ठेवावा. जुन्या गाड्यांचा डिझेल पंप मेकॅनिकल असतो, त्याचं काम तालुक्याच्या ठिकाणीही होतं. कॉमन रेल इंजिनची नोझलं आणि पंप मात्र स्कॅनर व योग्य मशीन असलेल्या ठिकाणीच दाखवावीत.

पैशाचा हिशेब आधी, काम नंतर

कामाला हात लावण्याआधी सुटे भाग, लेथ आणि मजुरी असा तीन रकान्यांत अंदाज लिहून घ्यावा. दोन ठिकाणी विचारावं. सुट्या भागांचं पक्कं बिल घ्यावं आणि काढलेले जुने भाग परत मागावेत. मग चेसिस, लोड बॉडी, गिअरबॉक्स यांची अवस्था पाहावी. चेसिस सडलेली असेल तर इंजिनवर पैसा घालण्यात अर्थ नाही. बाकी गाडी धडधाकट असेल तर मात्र एकदाचा इंजिन खर्च आणि नव्या गाडीचे चार-पाच वर्षांचे हप्ते समोरासमोर मांडून पाहावेत.

काम काढायची वेळही महत्त्वाची. आंबिया बहाराची संत्री ऑक्टोबरपासून निघू लागतात आणि कापूसही त्याच सुमारास घरी येतो. म्हणून जुलै-ऑगस्टमधली ढिली वेळ इंजिनच्या कामासाठी बरी.

कबाडातलं इंजिन घेताना

काही जण अख्खं जुनं इंजिनच आणून बसवतात. अशा वेळी इंजिन नंबर बदलतो. बिल नसेल आणि आरटीओकडे आरसीवर नोंद केली नसेल तर पासिंगला, विक्रीला आणि अपघातानंतर विम्याच्या दाव्याला अडचण येते. चोरीच्या गाडीचं इंजिन निघालं तर पोलिसांचा ससेमिरा वेगळाच.

"१५ वर्षांनी गाडी बंद" हे खरं का?

व्हॉट्सअपवर हा मेसेज सारखा फिरतो. एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या गाड्यांची नोंदणी रद्द करण्याचा नियम सरकारी गाड्यांसाठी आहे. १० वर्षांच्या डिझेल गाड्यांचा विषय दिल्ली आणि राजधानी परिसराचा आहे. आपल्याकडे, म्हणजे एमएच-४० किंवा एमएच-३१ पासिंगच्या खासगी मालकाच्या पिकअपला, प्रश्न असतो तो फिटनेसचा. मालवाहू गाडीला ८ वर्षांपर्यंत दर २ वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस करावं लागतं. धुराची मर्यादा बीएस-४ च्या आधीच्या डिझेल गाड्यांना ६५ एचएसयू आणि बीएस-४ ला ५० आहे. इंजिन नीट असेल तर पीयूसीची भीती राहत नाही.

इंजिन बांधल्यावर पहिले हजार किलोमीटर

नवीन रिंगा लायनरवर बसायला वेळ लागतो. पहिले ५०० ते १००० किलोमीटर पूर्ण लोड भरू नये, इंजिन फार रेस करू नये. पण रात्रभर उभ्या गाडीवर इंजिन चालू ठेवायची पद्धतही चुकीची आहे. त्याने लायनर चकचकीत होतो, रिंगा बसत नाहीत आणि गाडी पुन्हा ऑइल खाते. हलका माल भरून, वेग कमी-जास्त करत चालवणं चांगलं. त्यानंतर ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलून टॅपेट तपासून घ्यावेत.

आपल्या भागात इंजिन कशाने मरतं?

धूळ, ऊन आणि ओव्हरलोड, या तिघांनी.

पांदण रस्त्याची माती फाटक्या एअर फिल्टरमधून आत गेली की रिंगा-लायनर पॉलिश पेपरसारखे घासते. फिल्टर आपटून किंवा कॉम्प्रेसरच्या जोरदार हवेने साफ करताना कागद फाटतो. तो वेळेवर बदललेला स्वस्त पडतो.

मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. रेडिएटरच्या जाळीत कापसाचं तूस आणि किडे अडकलेले असतील तर हवा लागत नाही. बोअरवेलच्या जड पाण्याचा क्षार आत थर धरतो, म्हणून शुद्ध पाणी आणि कूलंट मॅन्युअलमधल्या प्रमाणात टाकावं. उन्हाळा आहे म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकू नये. त्याने थंडीत इंजिन नीट तापत नाही, डिझेल जास्त लागतं आणि काजळी धरते. रेडिएटरचं झाकणही महत्त्वाचं आहे. ते आत दाब धरून ठेवतं, त्यामुळे पाणी १०० अंशांवरही उकळत नाही. म्हणूनच गरम असताना झाकण उघडू नये, भाजतं. तापलेल्या इंजिनवर थंड पाणीही ओतू नये, हेडला तडा जातो.

ओव्हरलोडने इंजिन तापतं, आणि पकडलं तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार २० हजार रुपये दंड, वर प्रत्येक जादा टनामागे २ हजार.

रोजच्या सवयी

- सकाळी स्टार्ट करण्याआधी सपाट जागी ऑइल आणि पाणी पाहावं.
- ऑइल मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचंच. धुळीच्या रस्त्यावर जास्त चालत असेल तर थोडं लवकर बदलावं.
- डिझेल फिल्टरमधलं पाणी काढत राहावं, पावसाळ्यात जास्त वेळा.
- डिझेलमध्ये रॉकेल मिसळू नये. पंप-नोझलला वंगण डिझेलचंच मिळतं.
- टर्बो गाडी लोडवरून आल्यावर एक-दोन मिनिटं चालू ठेवून मग बंद करावी.
- किलोमीटर, तारीख आणि काय बदललं हे डॅशबोर्डमधल्या एका वहीत लिहावं. पुढच्या मिस्त्रीला ती वही कामी येते, आणि गाडी विकायची वेळ आली तर भावही बरा मिळतो.