मंग डवरा कोन धरीन?

नसबंदीचा विषय निघाला की अकोला-अमरावतीकडच्या पुरुषांच्या तोंडी एक ठरलेला सवाल असतो: "ताकद जाते ना बाप्पा, मंग डवरा कोन धरीन?" ही भीती गोठ्यातून आलेली आहे. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याने गोऱ्हा खच्ची करताना लहानपणापासून पाहिलेला असतो. पण तिथे वृषणाचा रक्तपुरवठाच तोडतात, म्हणून ते सुकून जातं. नसबंदीत वृषणाला हातच लागत नाही. शुक्रजंतू वाहून नेणाऱ्या दोन बारीक नळ्या तेवढ्या बंद होतात. पुरुषी संप्रेरक थेट रक्तात मिसळतं, त्याचा त्या नळ्यांशी संबंधच नाही. दाढी, आवाज, इच्छा, जोर सगळं जिथल्या तिथे राहतं. वीर्यसुद्धा जवळजवळ तेवढंच येतं, कारण शुक्रजंतूंचा त्यातला वाटा अगदी थोडा असतो.

वेळ किती लागतो? दहा-पंधरा मिनिटं. चीनच्या डॉ. ली शुनचियांग यांनी 1974 मध्ये बिनटाक्याची पद्धत शोधली. कातडीला बारीकसं छिद्र, जागेवरची भूल, आणि माणूस त्याच दिवशी घरी. हलकी कामं दोन दिवसांनी सुरू, सायकल आणि अवजड काम आठवड्यानंतर. बाईच्या शस्त्रक्रियेत मात्र थेट पोटाच्या आत जावं लागतं. नसबंदी शिबिरांची गर्दी असते हिवाळ्यात, आणि त्याच दिवसांत कापसाची वेचणी! वेचणी करतं कोण? बायकाच. मग ऑपरेशनही तिनेच का करून घ्यायचं?

आकडे तर लाजवणारे आहेत. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे 49 टक्के जणींनी स्वतःची शस्त्रक्रिया करून घेतली होती. नवऱ्याने करून घेतली, अशा अर्धा टक्कासुद्धा नाहीत. गर्भनिरोध हे बाईचं काम, पुरुषाने त्यात पडू नये, असं देशातल्या सुमारे 35 टक्के पुरुषांनी मान्य केलं. मोबदला मात्र पुरुषालाच जास्त: महाराष्ट्रात 1,451 रुपये, म्हणजे बाईला मिळतात त्याच्या दुपटीहून अधिक.

हे नेहमीच असं नव्हतं. साठच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत डॉ. दत्ता पै यांनी रेल्वे स्थानकांवर पुरुष नसबंदीची केंद्रं उघडली होती. केरळमध्ये एर्नाकुलमला जुलै 1971 च्या एकाच शिबिरात साठ हजारांवर पुरुषांनी नसबंदी करून घेतली. मग आणीबाणी आली. 1976-77 या एका वर्षात देशभरात सुमारे 62 लाख पुरुषांच्या नसबंद्या झाल्या, त्यातल्या कितीतरी धाकदपटशाने. महाराष्ट्र विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते तिथेच थांबलं. लोकांचा राग रास्तच होता. पण त्यानंतर सगळा कार्यक्रम बायकांकडे वळला, तो आजतागायत.

त्याआधीचा इतिहास तर अभिमानाने सांगावा असा. लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंनी 1921 मध्ये संततिनियमन केंद्र उघडलं, त्याच वर्षी मुंबईत गणिताचे प्राध्यापक र. धों. कर्वे यांनी आपलं केंद्र सुरू केलं. त्यापायी त्यांची नोकरी गेली. त्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर खटले झाले, आणि 1934 मध्ये त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. पुढे नोव्हेंबर 1938 मध्ये आंबेडकरांच्या पक्षातर्फे पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला. तो 11 विरुद्ध 52 मतांनी पडला!

पुरुषांच्या दुसऱ्या साधनाची, निरोधची (कंडोमची), गंमत ऐका. 1968 मध्ये तो बाजारात आला तेव्हा 15 पैशांत तीन मिळायचे. तो बनवणाऱ्या सरकारी हिंदुस्तान लॅटेक्सचा (आताच्या एचएलएल लाइफकेअरचा) एक कारखाना आपल्या सीमाभागात, निपाणीजवळच्या कणगल्यात आहे.

आणि पुरुष पुढे येतच नाहीत, असंही नाही. विदर्भातल्याच गडचिरोलीत पुरुष नसबंदीचं प्रमाण राज्यात उठून दिसत आलं आहे. तिथल्या धानाच्या बांधीत चिखलणी करणाऱ्यांचा जोर काही कमी झालेला नाही.

तेव्हा वऱ्हाडातल्या भाऊ-दादांनो, दरवर्षी 21 नोव्हेंबर ते 4 डिसेंबर पुरुष नसबंदी पंधरवडा असतो. पंधरवड्याचीच वाट पाहायला हवी असंही नाही. अमरावतीच्या इर्विन किंवा अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात बायकोला सोबत घेऊन जा, डॉक्टरांना मनातलं सगळं विचारा. एक गोष्ट मात्र विसरू नका: नसबंदीचा परिणाम लगेच होत नाही. तीन महिने निरोध वापरा, मग वीर्य तपासून घ्या, आणि शुक्रजंतू नाहीत असा अहवाल हाती आल्यावरच निर्धास्त व्हा.