विश्लेषण : ‘नाइट्स ऑफ कोलंबस’ची मासिक बैठक इतकी महत्त्वाची का?

‘नाइट्स ऑफ कोलंबस’ ही कॅथलिक पुरुषांची बंधुत्व संघटना. अमेरिकेत अनेक चर्चमध्ये तिच्या शाखा आहेत. गरजूंना कोट वाटण्यापासून मतिमंदत्व असलेल्यांसाठी निधी उभारण्यापर्यंत तिची बरीच कामं चालतात. या सगळ्याची सुरुवात होते ती महिन्याच्या बैठकीत.

सुरुवात कशी झाली?

कनेक्टिकट राज्यातल्या न्यू हेवन शहरात १८८२ मध्ये फादर मायकल मॅकगिव्हनी यांनी ही संघटना स्थापन केली. त्या काळी कॅथलिक स्थलांतरित कामगारांच्या घरातला कर्ता पुरुष गेला, की कुटुंब उघड्यावर पडायचं. फादरांनी हे स्वतःच्या घरात पाहिलं होतं. १८७३ मध्ये वडील वारले आणि त्यांना शिक्षण थांबवून घरी परतावं लागलं होतं. म्हणून सभासदांनी थोडेथोडे पैसे भरायचे आणि त्यातून मृत सभासदाच्या विधवेला आधार द्यायचा, अशी योजना आखली गेली. आज ही संघटना विमा क्षेत्रातही मोठी आहे.

बैठकीत काय होतं?

स्थानिक शाखेला ‘कौन्सिल’ म्हणतात आणि तिच्या प्रमुखाला ‘ग्रँड नाइट’. बैठकीची सुरुवात प्रार्थनेने होते. मग मागचं इतिवृत्त, खजिनदाराचा अहवाल, समित्यांचे अहवाल आणि नवे प्रस्ताव. खर्चाला सभासदांची मंजुरी लागते, हिशेब विश्वस्त तपासतात. शेवटाकडे एक खास विषय असतो, ‘संघाचं भलं’. कोण आजारी आहे, कुणाच्या घरी दुःख आहे, हे इथे सांगितलं जातं आणि त्यांच्यासाठी प्रार्थना होते.

पैसा कुठून येतो?

वर्गणीवर सगळं भागत नाही. ईस्टरआधीच्या उपवासकाळात कॅथलिक लोक शुक्रवारी मांस खात नाहीत. मग चर्चच्या सभागृहात तळलेल्या माशांचं जेवण ठेवायचं आणि त्यातून निधी उभा करायचा, ही अनेक कौन्सिलांची ठरलेली पद्धत. मासे आणणारा, तळणारा, पैसे घेणारा, भांडी घासणारा, सगळे सभासदच.

अडचण कुठे येते?

आपल्याकडच्या मंडळांसारखीच. यादीत नावं भरपूर, बैठकीला मात्र तेच चार-सहा चेहरे. मग सगळा भार त्यांच्यावर पडतो आणि तेही थकतात. यावर साधा उपाय आहे. बैठक वेळेत संपवायची, प्रत्येक कामाला एक जबाबदार माणूस आणि एक तारीख ठरवायची, नव्या सभासदाला पहिल्याच महिन्यात छोटं काम द्यायचं. गैरहजर राहिलेल्याला फोन करायचा, तोही जाब विचारायला नाही, तर चौकशी करायला. कारण कदाचित या महिन्यात मदतीची गरज त्यालाच असेल.